बाईंचं पत्रक आणि कॉलेजची विहीर

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात मी नगरच्या एका कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. घर केडगावला. घरची शेती, त्यात ज्वारी आणि थोडा कांदा. खिशाला पेन लावून कामाला जाणारा घरातला मी पहिलाच. त्या पेनाची ऐट मला जरा जास्तच होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. कॉलेजातले शिपाई, माळी, झाडूवाल्या मावशी मला 'भाऊसाहेब' म्हणायचे. माझ्या बापाच्या वयाची माणसं अशी हाक मारायची आणि मला ते अगदी साहजिक वाटायचं.

ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी टायपिस्ट बाई बसायच्या. वय पस्तिशीच्या आसपास. नवरा नगरलगतच्या नागापूरला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात फिटर होता. दोन मुलं घरी सासूपाशी ठेवून बाई नागापूरहून सायकलवर यायच्या. पाचवारी साडीचा पदर कमरेला खोचलेला, डबा कॅरिअरला बांधलेला. तेव्हा नगरमध्ये साडी नेसून सायकल चालवणारी बाई दिसली की माणसं वळून बघायची. बाई कुणाकडे बघायच्या नाहीत. मॅट्रिक झाल्यावर लग्न झालं, मग मुलं, आणि सगळं थोडं स्थिरावल्यावर त्या बाहेरून बी.ए.ला बसल्या होत्या. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता पुस्तक उघडं असायचं, आणि पानाला लागलेला भाजीचा डाग त्या ओल्या बोटानं पुसून काढायच्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर प्राचार्य बाहेरगावच्या कुठल्याशा परिषदेहून परत आले ते एक नवी कल्पना घेऊनच. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं की कॉलेजातल्या कर्मचाऱ्यांसाठी दर पंधरवड्याला एक पत्रक काढायचं. कॉलेजात काय घडलं आणि पुढं काय घडणार आहे, एवढंच त्यात असावं. मी बातम्या गोळा करायच्या, बाईंनी टाइपरायटरवर मेणकागदाचं स्टेन्सिल कापायचं आणि सायक्लोस्टाईल यंत्रावर त्याच्या प्रती काढायच्या. प्राचार्य शिस्तीचे होते. कोटाची वरची गुंडीसुद्धा त्यांनी कधी काढलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी सांगितलं म्हणजे ते व्हायचंच.

पहिल्या अंकाच्या बातम्या मी एका दुपारीच गोळा केल्या. स्टाफरूममध्ये जाऊन उभा राहिलो आणि सरांनी सांगितलेलं उतरवून घेतलं. एका प्राध्यापकांनी कुठंतरी निबंध वाचला होता, एकांचा लेख छापून आला होता, प्राचार्य परिषदेला जाऊन आले होते. 'आगामी' या मथळ्याखाली स्नेहसंमेलन, व्हॉलिबॉलचा सामना आणि एक व्याख्यान. वाक्यं मी सजवून लिहिली. 'मोठ्या उत्साहात' हे शब्द त्या एका पानात चार-पाच वेळा तरी आले असतील.

बाईंनी टाइपरायटरची रिबन बाजूला केली, स्टेन्सिल चढवलं आणि कापायला सुरुवात केली. स्टेन्सिलवर चूक झाली की गुलाबी द्रावण लावून, ते वाळू देऊन, पुन्हा टाइप करावं लागे. बाईंच्या हातून तशी वेळ क्वचितच यायची. पुढची बाजू झाली, मागची बाजू अर्धी रिकामी राहिली. बाईंनी विचारलं, एवढ्याच बातम्या का. मी म्हटलं, एवढंच घडलंय. शाईनं काळी झालेली बोटं रॉकेलच्या फडक्याला पुसत बाईंनी पत्रकं वाळत घातली. शिपायानं सूचनावही फिरवावी तसं ते पत्रक फिरवलं आणि ज्यांची नावं आत होती त्यांनी ते वाचलं.

दुसऱ्या पंधरवड्याला बाई उठल्या आणि स्वतः बाहेर गेल्या. अर्ध्या-पाऊण तासानं आल्या त्या हातात पाठकोरा कागद घेऊन. त्यावर पेन्सिलीनं चार-पाच ओळी होत्या. प्रयोगशाळेतल्या हमालानं फुटलेल्या काचेच्या नळ्या दिव्यावर वाकवून कामात आणल्या, त्यामुळे नव्या मागवाव्या लागल्या नाहीत. झाडूवाल्या मावशींना नात झाली. वसतिगृहाच्या स्वयंपाक्यांना ताप होता, ते सोमवारपासून कामावर येतील. मागच्या रिकाम्या जागेत बाईंनी हे सगळं टाइप केलं. मला ते पाहून अवघडल्यासारखं झालं. प्राध्यापकांच्या निबंधामागे मावशींची नात, आणि दोन्ही एकाच कागदावर. मी तसं बाईंना म्हणालोही. त्या म्हणाल्या की जागा रिकामीच जाणार होती.

असे काही महिने गेले. मागची बाजू भरत गेली. माझ्या लक्षात आलं की पत्रक वाटलं की लोक ते आधी उलटं करतात. प्राध्यापकसुद्धा. शिपायांपैकी ज्यांना वाचता येत नव्हतं ते मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी जमायचे आणि कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. हेडक्लार्कना हे पसंत नव्हतं. ते म्हणायचे, ऑफिसच्या कागदाला घरगुती वळण लागतंय.

मग जूनमध्ये ती बातमी आली. आमच्या कॉलेजात एक माळी होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पाथर्डीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. त्यांचे भाऊ, भावजया दरसाल दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. मामाही पुष्कळ वर्षं गेले होते. एकदा मोळी डोक्यावर असताना पाय मुरगळला तो नीट जुळलाच नाही, तेव्हापासून लंगडत चालायचे. मग कुणाच्या तरी ओळखीनं आमच्याकडे रोजंदारीवर लागले. कुटुंब गावाकडेच होतं. बापाला नोकरी लागली म्हणून त्यांच्या थोरल्या मुलीला ऊसतोडीला जावं लागलं नाही आणि शाळा सुटली नाही. ती मुलगी सातवीच्या परीक्षेत केंद्रात पहिली आली.

बाईंनी ती बातमी मागच्या बाजूला न टाकता पुढच्या बाजूला वरच टाकली. एका प्राध्यापकांच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्याची बातमी होती, तिच्या शेजारी. मी म्हटलं, हे प्राचार्यांना दाखवल्याशिवाय वाटायला नको. बाईंनी लगेच छापून काढलेली पहिली प्रत माझ्या हातात दिली आणि दोघं मिळून केबिनमध्ये गेलो.

प्राचार्यांनी पत्रक वाचलं. त्या बातमीपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, ही बातमी इथं कुणी घातली. मी खाली बघितलं. बाई म्हणाल्या, "मी घातली, सर. पत्रकावर 'कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलंय. हजेरीपटावर मामांचा अंगठा असतो, तो कर्मचारी म्हणूनच असतो."

बाई सरळ उभ्या होत्या, हात पुढं बांधून, आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं, आता दोघांची हजेरी घेतली जाणार. प्राचार्यांनी खिशातून पेन काढलं, पत्रकावर काहीतरी लिहिलं आणि कागद परत दिला.

"यांच्या नावाआधी 'श्री.' राहिलंय," ते म्हणाले. "प्राध्यापकांच्या नावाआधी 'प्रा.' आहे ना. दुरुस्त करून मगच वाटा."

बाहेर आल्यावर बाईंनी गुलाबी द्रावणाची बाटली उघडली आणि काम सुरू केलं. एवढ्याशा 'श्री.'साठी त्यांना द्रावण दोनदा लावावं लागलं. त्या घाबरल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. घाबरूनही त्या तसं बोलल्या होत्या, आणि मी नुसताच खाली बघत राहिलो होतो. घरी जाताना सायकलवर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. आदल्या वर्षीही बेताचाच होता, पण बहात्तरला काहीच नाही. नगर जिल्ह्याला कोरडी वर्षं नवीन नव्हती, तरी म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, असं पाहिलं नाही. केडगावला आमच्या शेतात ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तशीच वाळली. जागोजाग दुष्काळी कामं निघाली. आमच्या वसतिगृहातली बरीच मुलं सुट्टीत घरी गेली ती परत आलीच नाहीत, आईबापांबरोबर खडी फोडायला बसली. कॉलेजच्या विहिरीचं पाणी दिवाळीला तळाला गेलं आणि संक्रांतीच्या आत मोटर बंद करावी लागली. वसतिगृहाला टँकर यायचा, तोही येईल त्या दिवशी. मामांनी चार-पाच वर्षं खपून केलेली बाग उभ्याउभ्या वाळली. गुलाब गेले, हिरवळ गेली, लहान झाडं गेली. मामा रोज सकाळी येऊन वाळलेला पाला झाडायचे, कारण करायला दुसरं काम नव्हतं.

फेब्रुवारीत संस्थेच्या मार्चअखेरच्या बैठकीची विषयपत्रिका माझ्याकडे आली. त्यात एक विषय होता: बाग नसल्याने माळ्याची रोजंदारी बंद करणे. मी तो कागद बाईंच्या टेबलावर टाइप करायला ठेवला आणि परत येऊन बसलो. टाइपरायटरचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. बाईंनी ते सगळं नीट टाइप केलं, एक अक्षर चुकवलं नाही. माणसाला खूप काही म्हणायचं असेल तेव्हाही हातातलं काम बिघडू द्यायचं नाही, असा त्यांचा स्वभावच होता.

त्याच आठवड्यात पत्रकाच्या बातम्यांचा दिवस होता. बाई नेहमीसारख्या फिरायला निघाल्या. या वेळी मीही बरोबर गेलो. का गेलो ते नेमकं सांगता येणार नाही. बहुधा मामांच्या समोर एकट्या बाईंना जावं लागू नये असं वाटलं. मामा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. त्यांना विषयपत्रिकेचं माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही. बाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, मामा, काय नवीन.

मामा म्हणाले, बागंची बातमी आता कसली. मग म्हणाले, "एक हाय. पर ती कुनी बातमी म्हनायचं न्हाई. हिरीला पानी हाय, बाई. गाळानं झरा बुजलाय."

बाईंनी विचारलं, कशावरून. मामांनी आम्हाला कठड्यावर वाकायला लावलं आणि बोटानं दाखवलं. उगवतीच्या अंगाला तळाशी दगडांच्या सांध्यात एक गडद पट्टा होता. बाकीची भिंत पांढरी पडलेली, तिथला दगड तेवढा काळसर. मामा म्हणाले, रोज दुपारी गांधीलमाश्या तिथंच येऊन बसतात, दुसऱ्या कुठल्याच दगडावर बसत नाहीत. माशी उगाच येत नाही, तिला ओल लागते. आपल्या भागात विहिरी खणायला ते भावांबरोबर कितीतरी वेळा उतरले होते. त्यांच्या हिशेबानं आमच्या विहिरीतला गाळ दोन पुरुष खोल तरी साचला होता आणि बांधल्यापासून तो कुणी काढलाच नव्हता.

मी विचारलं, मामा, हे आधी कुणाला सांगितलं का नाही.

मामा म्हणाले, "कुनी इचारलंच न्हाई, भाऊसाहेब."

हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत, नुसतं खरं ते सांगितलं. मी त्या विहिरीवरून दीड वर्ष रोज जात होतो. मामांना मी पाण्याचा तांब्या आणायला सांगत होतो, टेबल उचलायला लावत होतो. कधी काही विचारलं नव्हतं.

बाईंनी तिथंच कठड्यावर कागद ठेवून बातमी लिहिली. तिच्यात एकही सजवलेला शब्द नव्हता. कॉलेजच्या विहिरीच्या पूर्व बाजूस झरा असावा व तो गाळाने बुजला असावा, असे श्री. अमुक (माळी) यांचे मत आहे; दगडाची ओल व तेथे बसणाऱ्या गांधीलमाश्या ही त्यांची कारणे; गाळ काढल्यास पाणी लागेल असे त्यांना वाटते. आणि खाली 'आगामी'च्या मथळ्यापुढं त्यांनी जागा मोकळी सोडली. तिथं काय लिहायचं ते प्राचार्यांनी ठरवायचं होतं.

प्राचार्यांनी पत्रक दोनदा वाचलं. मग खुर्चीवरून उठून कोट सारखा करत थेट विहिरीकडे निघाले. आम्ही मागे. मामा त्यांना पाहून उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी सारखी करू लागले. प्राचार्य कठड्यावर वाकले आणि म्हणाले, मला दाखवा. मग मामांनी दाखवलं, आणि दाखवता दाखवता त्यांची जीभ मोकळी झाली. भूगोलाच्या प्राध्यापकांनाही बोलावून घेतलं. त्यांनी जमिनीचा उतार कसा आहे ते पाहिलं आणि मामा म्हणतात ते शक्य आहे, असं मत दिलं. आमच्या पत्रकातल्या मोकळ्या जागेत त्या दिवशी ओळ भरली गेली: येत्या रविवारी सकाळी विहिरीतील गाळ काढण्याचे श्रमदान, मार्गदर्शन, श्री. अमुक, माळी, सर्व कर्मचाऱ्यांनी यावे.

येतील की नाही अशी शंका होती. हेडक्लार्क म्हणाले होते, माळ्याच्या सांगण्यावरून प्रोफेसर गाळ उपसणार, बघूया. पण रविवारी माणसं आली. प्राध्यापक आले, शिपाई आले, प्रयोगशाळेतले हमाल आले, गावाकडे न गेलेली वसतिगृहातली मुलं आली. बाई आल्या, आणि त्यांचे फिटर यजमानही आले. येताना कारखान्यातून मागून आणलेली मोठी कप्पी आणि जाड दोर सायकलला बांधून आणला होता. प्राचार्य हाफपँट आणि बनियन घालून आले. त्यांना तसं पाहून कुणालाच कुठं बघावं ते कळेना.

मामा विहिरीच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले. कुणी खाली उतरायचं, कुणी दोर ओढायचा, कुणी ओळीत उभं राहून घमेली पुढं द्यायची, हे त्यांनी सांगितलं. प्राचार्य खाली उतरायला निघाले तेव्हा मामांनी त्यांना थांबवलं. "सर, तुमी वरच ऱ्हावा, दोरापाशी. खाली निसरडं हाय." प्राचार्य निमूटपणे मागे फिरले आणि दोर धरून उभे राहिले. दिवसभर ते तिथून हलले नाहीत.

मी ओळीत उभा होतो. माझ्या एका बाजूला इंग्रजीचे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला झाडूवाल्या मावशी. मावशी घमेलं अशा लयीत द्यायच्या की हाताला ओझं जाणवायचं नाही. इंग्रजीच्या सरांच्या हातून मात्र दर वेळी थोडा गाळ सांडायचा. मावशींनी त्यांना घमेलं कमरेला कसं टेकवायचं ते दाखवलं आणि मग त्यांचंही जमलं. काळा, आंबूस वासाचा गाळ दुपारपर्यंत विहिरीच्या चारी बाजूंना साचला. संध्याकाळी विहिरीत पाहिलं तर गाळच होता. पाणी नव्हतं.

दुसऱ्या रविवारी माणसं कमी आली. पुन्हा दिवसभर गाळ. खाली उतरलेल्या एका हमालाच्या पायाला काच लागली. संध्याकाळी मामांचं तोंड उतरलं होतं. ते एकटेच कठड्यापाशी बसून राहिले. मी घरी जाऊन पत्रकासाठी बातमी लिहिली: श्रमदानाचा दुसरा दिवसही मोठ्या उत्साहात पार पडला. सोमवारी बाईंनी ती वाचली आणि मला विचारलं, पाणी लागलं का. मी म्हटलं, नाही.

"मग तसं लिहा ना," त्या म्हणाल्या. "लोकांनी पाहिलंय. आपण उत्साह लिहिला तर पुढची कुठलीच बातमी ते खरी मानणार नाहीत."

पत्रकात छापून गेलं ते असं: दुसऱ्या रविवारी पाणी लागले नाही. सुमारे निम्मा गाळ निघाला आहे. पुढील रविवारी काम चालू राहील. ते वाचून लोक खचतील, येणार नाहीत, असं मला वाटलं होतं. झालं उलटं. 'निम्मा निघालाय' हे शब्द लोकांनी धरून ठेवले. इंग्रजीचे सर मला जिन्यात थांबवून म्हणाले, निम्माच राहिला असेल तर सोडण्यात अर्थ नाही. तिसऱ्या रविवारी पहिल्यापेक्षाही जास्त माणसं आली. हेडक्लार्कही आले, धोतर वर खोचून ओळीत येऊन उभे राहिले.

दुपार कलली तेव्हा मामा स्वतः खाली उतरले होते. त्यांचा तो लंगडा पाय घेऊन त्यांनी उतरू नये असं सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. उगवतीच्या कोपऱ्यात त्यांनी पहार लावली आणि दगडाच्या फटीतला घट्ट बसलेला गाळ उकरायला सुरुवात केली. बराच वेळ पहारेचा ठक ठक आवाज येत होता. मग आवाज बदलला, ओला झाला. मामा थांबले. त्यांनी हात फटीत घातला आणि बाहेर काढून आम्हाला दाखवला. वरून नीट दिसत नव्हतं, पण हातावरून काहीतरी ओघळत होतं. पाणी करंगळीएवढ्या धारेनं यायला लागलं, आधी गढूळ, मग हळूहळू निवळत.

सगळे कठड्यावर वाकून नुसते बघत राहिले. प्राचार्यांच्या हातात दोर तसाच होता. बाईंनी पदर तोंडाशी धरला होता. थोड्या वेळानं मामांना वर घेतलं. अंगभर चिखल, फक्त डोळे तेवढे दिसत होते. प्राचार्यांनी पुढं होऊन त्यांचा चिखलाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

त्या विहिरीनं काही माळाचं नंदनवन केलं नाही. रात्रभरात गुडघाभर पाणी साचायचं, सकाळी उपसलं की संपायचं. पण वसतिगृहाला ते पुरलं, टँकरची वाट पाहायची गरज उरली नाही, आणि मोठी झाडं जगली. कडूनिंब, चिंच, फाटकाजवळचा वड. संस्थेच्या बैठकीत तो विषय आला तेव्हा प्राचार्यांनी ते पत्रक सदस्यांपुढं ठेवलं आणि त्यांना विहिरीवर नेलं. विषय मागे घेतला गेला. दोन वर्षांनी मामा नोकरीत कायम झाले. पुढं त्यांची मुलगी नगरला येऊन शिकली, शिक्षिका झाली. मामा निवृत्त होईपर्यंत आमच्या कॉलेजात होते. दुष्काळ सरल्यावर त्यांनी बाग पुन्हा केली, पण या वेळी गुलाब कमी लावले आणि कमी पाण्यावर येणारी झाडं जास्त.

बाई चौऱ्याहत्तरला बी.ए. झाल्या. ती बातमी त्यांनी स्वतः टाइप करायला नकार दिला. म्हणून ते स्टेन्सिल मी कापलं, त्यात दोन चुका झाल्या आणि गुलाबी द्रावण वापरावं लागलं. त्या वर्षीच त्यांच्या यजमानांना पिंपरीकडे चांगली नोकरी मिळाली आणि त्या नगर सोडून गेल्या. पुढं तिकडे एका शाळेत त्यांनी ऑफिस सांभाळलं असं ऐकलं. एकदा पत्र आलं होतं, टाइप केलेलं, एकही खाडाखोड नाही. मी त्यांना उत्तर पाठवलं ते हातानं लिहून, आणि त्यांनी मला शिकवलेलं जे काही होतं ते त्यात सांगायचा प्रयत्न केला. नीट सांगता आलं की नाही कुणास ठाऊक.

त्या गेल्यावर पत्रक माझ्या एकट्याकडे आलं. पहिल्या पंधरवड्याला मी वही घेऊन उठलो आणि बातम्या गोळा करायला निघालो. स्टाफरूमकडे न जाता आधी मागच्या अंगणात गेलो. झाडूवाल्या मावशी पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. आधी त्या जरा सरकल्या, मग हसल्या. मी विचारलं, मावशी, काय नवीन.

मावशी म्हणाल्या की डोळ्यांच्या शिबिरात चष्मा मिळाला आहे. पिशवीतून त्यांनी तो काढला, फडक्यानं पुसला आणि घालून दाखवला. आता तांदळातले खडे दिसतात, सुनेला वेचून द्यावे लागत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्या शब्दांत वहीत लिहून घेतलं आणि पुढं काय म्हणतात ते ऐकायला पेन तसंच धरून थांबलो.